आई-बापांच्या आज्ञेचा ठराव

ती. निर्मला आत्याबाईंस,

सौंदडहून गजेंद्रचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे गोंदियाच्या नव्या डॉक्टरचं ऐकत असतील अशी आशा करतो. इकडे बाबांची तब्येत ठणठणीत आहे, आणि तोच त्रास आहे.

माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेत. सरकारनं आमच्या घरात नाक खुपसू नये. (अंगणवाडीताई पुतण्याच्या पोराचं वजन करायला आली, तिलाही मी हेच ऐकवलं.) पण माझ्याच पोरीनं, रुचीनं, मला न विचारता बिरसीच्या हिमांशूशी लग्न ठरवलं, आणि मुलगी सज्ञान म्हणून सरकार खरोखरच नाक न खुपसता गप्प बसलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. असलं कसलं सरकार?

म्हणून ग्रामसभेत मी ठराव मांडला, की आई-बापांच्या परवानगीशिवाय मुलांनी काहीही ठरवू नये, मग वय कितीही असो. (ही वयाची गोष्ट मी मुद्दाम घातली, रुचीसाठी.) पहिला हात बाबांनी वर केला. मला भरून आलं. त्या भरात मी जाहीर करून बसलो, की या लग्नाच्या मांडवात मी पाय ठेवणार नाही.

घरी आल्यावर बाबा खाटेवर टेकले आणि म्हणाले, "तुहा बाप कोन? मीच ना? मंग तू पोरीले नाही म्हटलास ते मले न इचारता म्हटलास. ते रद्द. लग्न होऊन राहिलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रॅक्टरची चावी घेतली आणि मला बायांबरोबर धानाच्या बांधीत, चिखलात रोवणीला उतरवलं. शामकला (माझीच बायको) बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून हसत होती.

मी ग्रामसेवकाकडे धावलो. म्हटलं, सरकारनं मधे पडावं. तो म्हणाला, "भाऊ, घर का मामला आहे. आम्ही काऊन येऊ?"

ठरावात आत्या बसत नाही, पण बाबा फक्त तुम्हालाच भितात. तरी लगेच या आणि हे लग्न थांबवा.

आपला आज्ञाधारक,
गजेंद्र

ता. क. – शामकलाकडून आत्ताच कळलं, की लग्नाची साडी तुम्हीच घेतली आणि तारीखही तुम्हीच काढली. असो. थांबवू नका.

ता. क. – तरी या मात्र नक्की. बाबा म्हणतात, "सभेत बोललास ना? मंग घरीच राय." आत्याबाई, एकुलती एक पोर आहे हो माझी. तेवढी मला लग्नाला जायची परवानगी काढून द्या.