थडग्यावरची पोरगी

नोवी साद, ३ मार्च

ती. स्तोयांकामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं चित्र पुरं झालं. न्हाऊन उठलेली तू, स्टुलावर बसून पाय पुसते आहेस. अंगावर काही नाही. पोट मांड्यांवर टेकलेलं, एक स्तन, दुसऱ्याच्या जागी ऑपरेशनचा व्रण. बसलीस तशीच काढली.

प्रदर्शनवाले गृहस्थ म्हणतात, पोट जरा आवरा, व्रणावर टॉवेल टाका, म्हणजे दर्शनी भिंतीवर लावू. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, निदान त्या बाईंचा होकार आणा. त्यातच तुझ्या नणंदेचा, पर्सिदाआत्याचा फोन: लोक व्लादेताकाकांच्या थडग्यावर थुंकतील म्हणे.

सोबत फोटो पाठवते. तू नको म्हणालीस, तर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवीन.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी यगोदा


ब्रेस्तोवाक, १० मार्च

चि. यगोदास अनेक आशीर्वाद.

फोटो चष्मा लावून पाहिला, मग काढून. पोट माझंच. पर्सिदा म्हणाली, वहिनी, लाज विकलीस का? मी म्हटलं, या वयात घेतंय कोण?

तिला थडग्याची काळजी, तर थडग्याचंच सांगते. व्लादेता गेला तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे दगडावर दोघांचे चेहरे कोरले. माझ्या मरणाची तारीख तेवढी कोरी. मी रडण्यात होते, म्हणून पर्सिदेनं पाथरवटाला माझा लग्नातला फोटो दिला. आता तिथे म्हातारा टकलू व्लादेता आणि शेजारी कोवळी पोरगी. परगावची माणसं विचारतात, लेक का हो? मी शनिवारी त्याच्यासाठी कॉफी नि राकिया दारूचा घोट घेऊन जाते, तर ती माझ्याकडे मोलकरणीसारखं बघते.

दवाखान्यातून आले तेव्हा पट्टी तोच बदलायचा, शिट्टी वाजवत. याच पोटावर डोकं ठेवून रेडिओ ऐकायचा. त्या पोरीच्या पोटावरून घसरला असता.

वाचनालयातून चित्रांची पुस्तकं आणते. सगळ्या उघड्या बाया आडव्या. त्यांच्या घरी दूध उतू जात नाही वाटतं. तू मला बसवलंस, हे बरं. त्या गृहस्थांना माझा होकार कळव. टॉवेल त्यांनी स्वतः गुंडाळावा.

जेवत जा. मावशीला विसरू नकोस.
स्तोयांका


नोवी साद, २ एप्रिल

ती. मावशीस सा. न.

लावलं एकदाचं, कोपऱ्यात. पण बायका तिथेच थांबतात. एकीनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग हसली. म्हणाली, या बाईंना माझा नमस्कार सांगा. तो सांगते.

आहेस तशीच राहा.
यगोदा


ब्रेस्तोवाक, २० एप्रिल

चि. यगोदास आशीर्वाद.

त्या बाईला माझाही नमस्कार.

तुझ्या चित्राचा फोटो पाथरवटाकडे नेला. जुना चेहरा घासून हा कोर म्हटलं. त्यानं विचारलं, हनुवट्या किती ठेवू? आहेत तेवढ्या. पाद्रीबाबा दगड बघायला आले आणि म्हणाले, बाकीचं कोरलं नाहीस ना? पर्सिदेनं बोलणं टाकलंय, त्यामुळे घरात शांतता आहे.

शनिवारी कॉफी घेऊन गेले. पोरगी नाही, शेजारी मीच. व्लादेताला म्हटलं, नीट बघून ठेव, हीच यायची आहे.

तू मात्र त्याआधी येऊन जा.
तुझी मावशी