मास्तरांची मेलेली थिएटरं

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा अमेरिका!

चहा थंड झाला तरी मास्तर लॅपटॉपसमोरच. नाक पडद्याला टेकवून. "कोण मेलं?" म्हणून विचारलं तर म्हणतात, "ओहायोचं एक थिएटर." शंभर वर्षांपूर्वी बांधलं, पुढं पाडलंही. मग आता काय त्याची तेरवी घालायची आहे आपण गोंदियात?

लोकांचे नवरे रिटायर झाले की शेतावर जातात, निदान पानठेल्यावर तरी जातात. माझा भूगोलाचा मास्तर अमेरिकेतल्या जुन्या सिनेमा थिएटरांचे फोटो पाहतो. काळे-पांढरे. स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेला नाही, पण कुठल्या गावच्या थिएटरात मुक्या सिनेमाला साथ देणारी बाजाची पेटी केवढी होती ते विचारा! फेसबुकवर तिथले चार म्हातारे आहेत, त्यांच्याशी चर्चा चालते. तेही रिकामटेकडेच असतील. तिकडं काय कमी आहेत?

मागचा नळ गळून राहिला आहे. तो दिसत नाही. परक्या मुलखातल्या छताचं नक्षीकाम दिसतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नवीन नाटक. फोटोखालचं इंग्रजी मला वाचायला लावतात.

"मंजू, या बोर्डावर काय लिवलं आहे, पाहून देय ना."

"काऊन? तुमाले डोळे नाही काय?"

"चष्मा आतल्या खोलीत राहिला."

चष्मा नाकावर! मी हसून हसून बेजार. म्हातारचळ, दुसरं काय.

तरी बसली वाचत. मग म्हणतात, बोर्डाच्या बाजूला काय आहे? माणसं किती? टोप्या घातल्या आहेत काय? मी काय आकाशवाणी आहे? पण सांगितलं. सुटका होत नाही ना. आता मला ते सगळे फोटो तोंडपाठ झाले आहेत. नावंही मीच ठेवली आहेत. एक शिंगवालं — दारावरचा छज्जा म्हशीच्या शिंगासारखा पुढं आलेला. एक तारेवालं — आतल्या छतावर आभाळ रंगवलेलं, त्यात दिव्यांचे तारे. पैसे देऊन आत जायचं आणि आभाळ पाहायचं! आमच्या सालेकस्यात बाजेवर उताणं पडलं की फुकट दिसते. एक मोटारवालं — थिएटर बंद पडलं, आता त्याच नक्षीच्या छताखाली मोटारी उभ्या. हे एक मला पटलं. काहीतरी उपयोग झाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

छोटेलालजी आले होते. राइस मिलवाले. वाचनालयाचे अध्यक्ष आहेत, अजून एक पुस्तक उघडलेलं कोणी पाहिलं नाही. सोफ्यावर फतकल मारून म्हणाले, "गुरुजी, एक प्रोग्राम हो जाए! अमेरिका के पुराने टॉकीज. पब्लिक को कुछ नया चाहिए."

आणि मास्तर हो म्हणाले! रविवारी, तेवीस तारखेला. वाचनालयाच्या हॉलमध्ये. मोठ्या पडद्यावर फोटो लावून.

छोटेलालजी गेल्यावर मी सरळ म्हटलं, "घरात वेडेपणा करता तो झाकून आहे. आता चारचौघात कायले नाक कापून घेता?" मी नर्स होती त्या दवाखान्यातल्या सगळ्या बाया येतील. यादोरावजी येतील शेजारचे. तिरोड्याहून माझा भाऊ येईल, तो तर आधीच दात काढत असतो. उद्यापासून मी भाजीला गेली की लोक म्हणतील, ती पाहा अमेरिकावाल्याची बायको.

मास्तर एवढंच म्हणाले, "एक डाव बोलू देय, मंजू. मंग नाही बोलत."

डाव म्हणे!

१५ नोव्हेंबर, शनिवार

दाराच्या चौकटीला कपाळ धडकवलं. हे एवढं टेंगूळ. चालतानाही अमेरिकाच पाहत असतील.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चेतनाला फोन केला. म्हटलं, तुझ्या बापाला समजाव, तुझं ऐकतात. लेक म्हणते, "आई, बाबांना त्यांचा आनंद घेऊ दे ना." पुण्यात बसून आनंद वाटायला काय जाते! इथं कोण निस्तरतं? सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवायला गेले आणि टेबलाच्या बाहेर ठेवला. कप फुटला. मी पुसली फरशी. "ध्यान कुठं आहे?" म्हणून ओरडली.

मीही नोकरी केली. सालेकस्याच्या गावांमधून नर्स म्हणून पायी हिंडली. बाळंतपणं केली, लसी टोचल्या, मोहाच्या झाडाखालून म्हातारे उठवून डोळ्यांच्या शिबिराला हाकलत नेले. शिव्या खाल्ल्या, पण नेले. माणसाच्या कामी आली. या थिएटरांनी कोणाचं भलं केलं?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मास्तरांची प्रॅक्टिस चालू आहे. घरातच, पुढच्या खोलीत उभे राहून, डोळे मिटून, कीर्तनकारासारखे! लॅपटॉप बंद. कोणत्या फोटोनंतर कोणता, सगळं पाठ. शिपायासारखा ड्रेस घातलेली पोरं बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीवर बसवत, वगैरे वगैरे.

मी भाजी चिरता चिरता ऐकलं. बोलतात बरे. शाळेत असेच बोलत असतील तर पोरं झोपली नसतील.

पण मला आपलं गोंदियाचं टॉकीज आठवलं. लग्नानंतर मास्तरांनी नेलं होतं. मी सिनेमा पाहत होती आणि हे मान वर करून छताचे पंखे पाहत होते. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं! ते टॉकीज पाडून दुकानांचा कॉम्प्लेक्स झाला. त्याचा एक फोटो नाही कोणाजवळ.

२३ नोव्हेंबर, रविवार

झालं. कसं झालं ते नीट लिहिते.

हॉल भरला होता. टेबलावर मास्तरांनी एक मोठा फोटो ठेवायला दिला होता, तारेवाल्याचा. कार्यक्रम म्हटला की टेबलावरच्या फोटोला हार आलाच. वाचनालयाच्या लोकांनी त्याला झेंडूचा हार घातला, समई लावली, उदबत्ती लावली. छोटेलालजींनी हात जोडले. त्यांचं पाहून रांगच लागली! माझी एक जुनी मैत्रीण कानात विचारते, "कोण वारलं ग यांच्यातलं?" मला भुई फाटेल तर बरं असं झालं. मास्तर माइकवर म्हणाले, "बरोबर आहे. वारलेलीच आहे ही इमारत." लोक हसले. भाऊ तर मांडीवर थाप मारून.

मग फोटो सुरू झाले. लॅपटॉप वाचनालयाच्या कारकुनाच्या हाती. त्यानं काय केलं देव जाणे, क्रमच सगळा उलटापालटा. मास्तर तारेवाल्याबद्दल सांगून राहिले आणि पडद्यावर मोटारवालं! हळूहळू खसखस पिकली. मागून कोणी म्हणालं, "गुरुजी, पार्किंग आहे जी!"

मास्तर वळले. पडद्याकडे पूर्ण तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, आता पाहतील, कारकुनाला झापतील. त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "हे पाहा. हे वरचे तारे. खरे वाटतात ना?"

बोट मोटारींवर होतं.

सगळा हॉल हसला. मी नाही हसली.  नाकावरचा चष्मा, चौकट, कप, सगळं एकदम समोर आलं. अग बाई!

कशी उठली माहीत नाही. कारकुनाला म्हटलं, "सरक तिकडं." खुर्चीवर बसली आणि तारेवालं शोधून लावलं. हसणं थांबलं. माझा आवाज आला तिकडं मास्तरांनी मान वळवली. मग माइकमध्ये म्हणाले, "आता शिंगवालं."

लोकांना काही कळलं नाही. हे नाव फक्त आमच्या घरातलं. मी शिंगवालं लावलं.

पुढं ते बोलत राहिले, मी लावत राहिली. एकही चुकला नाही. शेवटी एक फोटो आहे, थिएटरच्या बाजूच्या भिंतीला बाहेरून लोखंडी जिना. मास्तरांनी सांगितलं, काळ्या लोकांना समोरच्या दारानं येऊ देत नव्हते, त्यांनी या जिन्यानं वरच्या मजल्यावर जाऊन बसायचं. तिकीट काढूनही. छतावरचे तारे मात्र तेच. तेव्हा यादोरावजी मागच्या रांगेतून म्हणाले, "हा जिना आमाले समजावून सांगा लागत नाही, गुरुजी."  मास्तर म्हणाले, "म्हणूनच हा शेवटी ठेवला."

टाळ्या बऱ्याच वाजल्या. परत येताना मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चारचौघात कधी ठेवत नाहीत. ठेवू दिला. घरी आल्यावर मी नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्याचा नंबर शोधला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नागपूरला नेलं. काचबिंदू. कडेकडेनं नजर खात आला, आता मधली थोडीशी राहिली आहे, तीही धुरकट. गेली ती परत येत नाही म्हणाले डॉक्टर. मास्तरांना दोन वर्षांपासून माहीत आहे. थेंब घालतात गुपचूप. "दिसते तवरीक पाठ करून ठेवत होतो," म्हणाले.

गाडीत विचारलं, "मले काऊन नाही सांगितलं?"

खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तू हासली असती."

हासली असती.