सुलेखाच्या नावाची स्नोमोबिल

८ नोव्हेंबर १९८१, रविवार. नेपरव्हिल, शिकागोजवळ.
काल महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत नरेंद्रने पुन्हा स्कीइंगच्या स्लाइड्स दाखवल्या. प्रत्येक स्लाइडमध्ये तोच, नाकाला पांढरं क्रीम फासून. वर म्हणतो, आपल्या लोकांना स्नो म्हणजे फक्त फावडं. हे माझ्याकडे बघून! मग मीही उठून जाहीर केलं: संक्रांतीला हॉलमागच्या मैदानातून स्नोमोबिलवर, म्हणजे बर्फावरच्या फटफटीवर, येईन आणि स्नोमोबिलवर बसूनच तिळगूळ वाटीन. टाळ्या पडल्या. बायकोने कपाळाला हात लावला. डोकं दुखत असावं.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. दीपा बारा वर्षांची झाली. हल्ली शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावरच उतरते. माझी माकडटोपी मैत्रिणींना दिसते म्हणे. मागे पार्किंग लॉटमध्ये मी हाक मारली तर इकडेतिकडे बघून दुसऱ्याच कोणाची मुलगी असल्यासारखी चालायला लागली. लागलं मनाला. पण स्नोमोबिलवर मी पुढे, दीपा मागे, कमरेला घट्ट धरून, आणि सगळ्या पोरी बघतायत! बस्स. एवढं झालं की झालं.

संकल्प: पोट कमी करणे. बायकोला न सांगणे.

१५ नोव्हेंबर, रविवार
दुकानातल्या नव्या मशीनची किंमत विचारली आणि बाहेर आलो. घाबरलो नाही, बाहेर हवा चांगली होती.

मग गिरीशला फोन. माझा हॉस्टेलचा पार्टनर, हल्ली कॅनडात, विंडसरला. त्याची स्नोमोबिल आहे, पिवळी, सहा वर्षं जुनी. त्याची कंबर धरली म्हणून विकायचीच आहे. विंडसर म्हणजे डेट्रॉइटच्या समोर, मध्ये नदी, नदीवर पूल. पुलावरून आणायची की झालं. गिरीश म्हणाला, आधी कस्टम्सला फोन करून कागद कुठले लागतात ते विचार. कशाला? विचारलं की नियम निघतात. मी बॉयलर डिझाइन करतो, मला एक फॉर्म भरता येणार नाही?

२२ नोव्हेंबर, रविवार
एक बारीकसा मुद्दा. मला साडेसाती चालू आहे आणि नाशिकच्या जोशीबुवांनी बजावलंय, स्वतःच्या नावावर वाहन घेऊ नका. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण मागच्या वर्षी माझ्या नावावर घेतलेल्या गाडीचं ट्रान्समिशन गेलं, हेही खरं. गिरीशला सांगितलं, विक्रीचा कागद बायकोच्या नावाने कर. सुलेखा. लक्ष्मीच्या नावाने घेतलेलं लाभतं. शिवाय तिला सरप्राइज. एका दगडात दोन पक्षी. मला हे सुचतं कसं, याचं मलाच नवल वाटतं.

५ डिसेंबर, शनिवार. गिरीशच्या घरून.
पहाटे ऑफिसचं काम सांगून निघालो. ट्रेलर भाड्याने घेतला. गिरीशच्या ड्राइव्हवेमध्ये मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हँडलला लिंबू-मिरची बांधली. गिरीशची बायको पद्मिनी म्हणाली, भावजी, बॉर्डरवर मिरच्या चालत नाहीत हो. मी हसलो.

मिरच्या चालत नाहीत. कस्टम्सच्या साहेबाने हातमोजे घालून काढून घेतल्या. म्हणजे नजर लागायला रस्ता मोकळा.

मग कागद. सुलेखा तूच का? नाही, माझी बायको. ती कुठे आहे? घरी. तिने तुला पाठवलंय? नाही, तिला माहीतच नाही, सरप्राइज आहे. साहेबाने मिशी चोळली. मग म्हणाला, म्हणजे मालकिणीला आपण मालकीण आहोत हे माहीत नाही, आणि तिची वस्तू तिला न विचारता तू देशाबाहेरून आणतोयस. हे ऐकायला जरा चोरीसारखं वाटतं. मालकिणीला घेऊन ये, ओळखपत्रासकट.

मशीन परत गिरीशच्या गराजमध्ये. तरी माणूस सज्जन. मला वाटतं मी त्याच्यावर छाप पाडली.

६ डिसेंबर, रविवार
बायकोला सांगावं लागलं. ती बराच वेळ हसली. आनंदाने असावं.

दीपाचे मात्र डोळे चमकले. "फॉर रिअल, बाबा?" म्हणाली. बाबा! डॅड नाही. लगेच मैत्रिणींना फोन करायला पळाली.

२० डिसेंबर, रविवार
काल बायकोला घेऊन पुन्हा बॉर्डरवर. तोच मिशीवाला. तिने ड्रायव्हिंग लायसन्स दिलं. त्याने कागद पाहिला, लायसन्स पाहिलं, तिला पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. विचारतो, ही उत्तरा कोण?

उत्तरा हे तिचं माहेरचं नाव! लग्नात ताम्हणात तांदूळ पसरून मी स्वतः अंगठीने 'सुलेखा' लिहिलं होतं. तेव्हापासून ती सुलेखाच. पासपोर्ट, ग्रीन कार्ड, लायसन्स, बँक सगळीकडे ही बाई पंधरा वर्षं उत्तरा? मला कळू नये? ती म्हणाली, अहो, टॅक्सच्या फॉर्मवर दरवर्षी तुमच्या सहीच्या खालीच माझी सही असते. बरोबर आहे, पण सही करताना वाचायचं असतं का कोणी? घरी मी तिला 'अगं' म्हणतो. मंडळात ती वहिनी नाहीतर काकू. नाव येतंच कुठे मध्ये?

साहेब म्हणाला, सुलेखाला आण. मी म्हटलं, हीच. तो म्हणाला, ही उत्तरा.

परत येताना बायकोने सुचवलं, गिरीशभावजींना उत्तराच्या नावाने नवा कागद करायला सांगू, पाच मिनिटांचं काम. मी साफ नाही म्हटलं. प्रश्न कागदाचा नाही, तत्त्वाचा आहे. नाव ठेवलं ते ठेवलं. शिवाय जोशीबुवांना सुलेखा सांगितलंय.

१७ जानेवारी १९८२, रविवार
काल मंडळाची संक्रांत. बाहेर असली मरणाची थंडी की श्वास मिशीवर गोठत होता, बर्फ गुडघाभर, आणि मी स्टेशन वॅगनमधून उतरलो. नरेंद्रने दारातच विचारलं, काय त्र्यंबकराव, घोडं कुठे अडलं? मी म्हटलं, इंटरनॅशनल क्लिअरन्स चालू आहे. शब्द वजनदार होते. तरी लोक हसले.

दीपा आत आलीच नाही. गाडीत बसून राहिली. शाळेत तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आता ती माझ्याशी बोलत नाही. पूर्वीही फार बोलत होती असं नाही, पण आताचं न बोलणं वेगळं आहे. तिळगूळ पुढे केला तर म्हणाली, "यू ऑल्वेज से थिंग्ज." दीपा, तुझ्यासाठीच चाललंय गं सगळं. हे तिला म्हणालो नाही. इथे लिहिलं.

संकल्प: काही झालं तरी मशीन आणणे.

३१ जानेवारी, रविवार
सापडला! पुरावा सापडला! लग्नाच्या अल्बममध्ये ताम्हणाचा फोटो. तांदळात स्वच्छ 'सुलेखा', बाजूला अंगठी, माझा हात, आणि बायको मान खाली घालून बसलेली. यापुढे कायदा काय बोलणार? दुकानातून मोठा करून आणला. बायकोने हात जोडले. पटलं असावं. मग पद्मिनीशी फोनवर बराच वेळ कुजबुजत होती. लोणच्याचं काहीतरी असेल.

१३ फेब्रुवारी, शनिवार. डेट्रॉइट, हायवेवरचं कॉफी शॉप.
सगळं लिहितो.

आधी गिरीशकडे ट्रेलर मशीनसमोर उलटा घ्यायचा होता. माझा सारखा तिरका जात होता. रस्त्यालाच उतार असावा. बायको म्हणाली, सरका. एका दमात घेतला! म्हणे, जळगावला बाबांच्या केळीच्या बागेत ट्रॅक्टरची ट्रॉली मीच लावायचे. पंधरा वर्षांत बोलली नाही. बायका फार मनात ठेवतात.

मग बॉर्डर. मी साहेबापुढे फोटो ठेवला आणि आपली संस्कृती समजावून सांगितली. ताम्हण, तांदूळ, अंगठी, सगळं. त्याने आतून आणखी दोघांना बोलावलं. मला वाटलं, विषयात रस घेतायत. एकाने विचारलं, हे नाव पुसता येतं का? दुसऱ्याने विचारलं, तो तांदूळ आता कुठे आहे? मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "वी कुक्ड इट." संध्याकाळच्या पंगतीला वाढला म्हणे! तिघंही टेबल धरून हसत होते. मग मिशीवाला डोळे पुसत म्हणाला, सॉरी सर, भात हा कागदपत्रांत धरता येत नाही.

तेव्हा हिने शांतपणे पर्स उघडली. आत नवा विक्रीचा कागद. नाव: उत्तरा. गिरीशची सही. पद्मिनीने टाइप करून ठेवला होता.

शिक्का बसला. साहेबाने मशीनची किल्ली तिच्या हातात दिली आणि तिला मॅडम म्हणाला. मी विचारलं, अगं, आधीच का नाही काढलास तो कागद? ती म्हणाली, म्हटलं, तुमचं होऊ दे आधी. अल्बममधला फोटो काढलात, मोठा करून आणलात, हौस होती.

एकंदरीत, माझ्या भाषणाने वातावरण तयार झालं आणि काम झालं.

२१ फेब्रुवारी, रविवार
मशीन गराजमध्ये. बर्फ वितळला. दीपाने गराजचं दार उघडून बघितलं आणि बंद केलं.

७ मार्च, रविवार. संध्याकाळी.
रात्रीतून बर्फ पडला! जेमतेम वीतभर, पण पडला. दीपाच्या मैत्रिणीच्या वडिलांचं गावाबाहेर शेत आहे, तिथे गेलो. मैत्रिणी जमल्या. मी हेल्मेट चढवलं. माकडटोपीवर बसत नव्हतं, म्हणून टोपी काढली. दीपासाठी एवढं करू शकतो.

शेतकरी म्हणाला, माझ्या जमिनीवर ज्याची गाडी तोच चालवणार, कागद दाखवा. कागद दाखवला. हेल्मेट उतरवलं.

बायको बसली. पदर खोचल्यासारखा कोट खोचला, आणि गेली! भुर्रकन! मागे दीपा, कमरेला घट्ट धरून, ओरडत, हसत. अगदी मी ठरवलं होतं तसं. फक्त पुढे मी नव्हतो. पोरींनी विचारलं, कोण चालवतंय? दीपा एवढ्या मोठ्यांदा ओरडली की मला कुंपणाजवळ ऐकू आलं: "दॅट्स माय मॉम! उत्तरा!" पोरीला नाव माहीत होतं.

मी फोटो काढले. काहींत अंगठा आलाय.

शेवटी मला बोलावलं. बायकोने मालकिणीच्या अधिकारात हँडल दीपाकडे दिलं, हळू चालव म्हणाली. मी मागे बसलो. दीपा म्हणाली, "बाबा, होल्ड ऑन." धरलं. घट्ट धरलं. ती सगळ्या मैत्रिणींच्या समोरून गेली आणि तोंड लपवलं नाही.

पुढे बर्फ संपला, चिखल लागला, गाडी थांबली. वजन जास्त झालं, दीपा म्हणाली. मी उतरून ढकलली.

घरी आल्यावर ठरवलं, आजपासून हिला नावाने हाक मारायची. जिन्याखाली उभा राहून आवाज दिला: "उत्तरा!" काही नाही. पुन्हा दिला. वरून ती दीपाला विचारत होती, बघ गं, कोण पाहुणे आलेत.