पहिल्या उराकाचा वास

६ मार्च, रविवार

गेले एकदाची! बाबांना न सांगता. आमची काजूची भट्टी — आजोबांनी पोर्तुगिजांच्या वेळी बांधलेली, बाबांनी तीन वर्षांपूर्वी विकलेली — तिचं आता संग्रहालय झालंय. मला वाटलं होतं, चार मडकी रंगवून तिकीट लावलं असेल. पण छे! काय राखलीय! काजूचे बोंडू तुडवायची दगडी कोळंबी, म्हणजे कुंड, तशीच. उराक — बोंडूच्या रसाची पहिल्या धारेची दारू — गाळायचं तांब्याचं भाण घासून लख्ख, आईच्या हंड्यासारखं. भिंतीवरचा जुना धूरसुद्धा ठेवलाय, चुना फासला नाही. मांद्र्याला उतरलेल्या गोऱ्या बायका बोंडू हुंगून हसत होत्या. आणि दाराशीच बाबांचा फोटो, धोतर खोचलेला! रडूच आलं मला.

तिथली व्यवस्थापक पद्मावती म्हणाली, "पुढच्या रविवारी मोसमातला पहिला उराक गाळायचाय. भट्टीच्या राखणदार देवाला मान द्यायला तुमचे बाबा, शंभूकाकाच हवेत. आणि उराकाची परीक्षाही त्यांच्याच नाकानं!"

मी हो म्हणून बसले.

७ मार्च

बाबांना सांगितलं. "मी येवचंय नाय." ताट सरकवून उठले.

९ मार्च

आजही तेच! पूर्वी बाबा एका वासात सांगायचे — बोंडू कुठल्या डोंगरावरचे, ताजे की शिळे. अख्ख्या पेडण्यात या नाकाला मान. आणि आता भट्टीचं नाव काढलं की तोंड फिरवतात. विकल्याचं दुःख, दुसरं काय? पण विकल्यावरही रोज संध्याकाळी कुंपणाशी जाऊन उभे राहायचेच की! गेल्या मेमध्ये करोना झाला, तेव्हापासून तेही बंद.

शेवटी भडकलेच मी. "राखणदार उपाशी राहिला तर कोणाला सांगणार?" या वेळी तोंड फिरवलं नाही. बाण लागला म्हणायचा!

१३ मार्च, रविवार

आले! धुतलेलं धोतर नेसून, माझ्या आधी तयार.

फणसाखाली राखणदारापुढे रोट ठेवला, विडी ठेवली, नारळाच्या करटीतून पहिला उराक ओतला. आणि गाऱ्हाणं घातलं. तोच जुना खणखणीत आवाज! मांद्र्याचे पाहुणेसुद्धा आमच्याबरोबर "होय म्हाराजा!" म्हणायला लागले. काय वाटलं म्हणून सांगू! असा बाप मिळायला भाग्य लागतं.

मग पद्मावतीनं दुसरी करटी हातात दिली. बाबांनी नाकाशी धरली. बराच वेळ. सगळे वाट बघताहेत. आणि एकदम करटी माझ्यापुढे — "तू बघ गो, बाय."

मी? आमच्या घरचा नियम — बायामाणसांनी भाणाजवळ फिरकायचं नाही. शाळेतून येताना कुंपणाबाहेर उभी राहायचे, नुसता वास घेत. तेवढीच माझी भट्टी!

हुंगलं. तोंडातून निघून गेलं, "धुरकटलाय. जाळ मोठा झाला."

जाळ घालणारा दत्ताराम डोकं खाजवत म्हणाला, "व्हय बाई. जरा घाई केली." सगळे हसले. बाबा हसले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले.

येताना रिक्षात म्हणाले, "करोनापासून माका कसलोच वास येणा नाय. देवाकडच्या मोगऱ्याचोसुद्धा नाय. लोकांका काय सांगतलो, शंभूचा नाक गेला?"

दहा महिने! एका घरात राहून मला पत्ता नाही. आणि वर मीच राखणदाराचा धाक घातला. रिक्षावाल्यासमोरच रडले. बाबा म्हणतात, "गप गो. तुका वास इलो ना? मग झाला."

१५ मार्च

पद्मावतीचा फोन. रविवारी पुन्हा गाळप आहे, परीक्षेला काकांना पाठवाल ना? बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "गाऱ्हाणा घालूक मी येतलंय. वास घेवक आमची विनोदिनी येतली. तिच्यासाठी पाट मांडून ठेवा — भाणाच्या बाजूक."