भूमितीचं कव्हर

बुधवार, संध्याकाळ

मनूची दहावी होईपर्यंत म्हणून तिची प्रेमकादंबरी मी काढून घेतली, आणि आज तीच, मनूच्या भूमितीच्या वहीचं तपकिरी कव्हर घालून, सातपूरच्या बसमध्ये वाचत बसले. सेहेचाळिसाव्या वर्षी! त्यातली आई लेकीला त्या मुलाला भेटू देत नाही. मीही तेच केलं असतं ना? मग तिचाच राग का येतोय मला? पोरगी पळत त्याला भेटायला गेली, तेव्हा माझ्या छातीत कशाला धडधडलं?

घरी आल्यावर मनूने पर्समधून डोकावणारं कव्हर पाहिलं.

"आई, भूमिती कुठवर आली?"

"तो गाव सोडून जातो तिथवर." बोलून गेले! आता काय लपवणार? "परत येतो का गं तो?"

"दहावी होईपर्यंत नाही सांगणार."