बंद न पडणारा जीन

३ डिसेंबर
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: सायकलच्या चाकावर चालणारा नागली पाखडायचा पंखा, बांबूची शिडी, कोंबड्यांचं डालगं, घराचं छप्पर. शिक्षण नववी. बाकी सगळं स्वतः. आता डीएनए.
शाळेच्या सपना मॅडमना विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेल हवंय. जव्हारला पहिलं आलं तर थेट जिल्ह्याला. बोर्डावर ‘निर्मिती’ म्हणून माझं नाव. बारीक अक्षरात चालणार नाही, आधीच सांगून ठेवलं.

५ डिसेंबर
विषय समजून घेतला. एका जीनच्या तोंडाशी तीच अक्षरं पुन्हापुन्हा येतात. सीजीजी, सीजीजी, सीजीजी. तीसेक वेळा आली तर चालतं. दोनशेच्या वर गेली की त्यांवर मिथाइलच्या टोप्या बसतात आणि जीन बंद.
पुष्पाला नीट समजावलं. ती म्हणाली, माकडांनी पडवीवरचं कौल सरकवलंय, ते बसवा. बायकोला विषय सोडून बोलायची सवय आहे.

८ डिसेंबर
बांबूच्या कामट्या, लाकडी मणी, टोप्यांच्या जागी बाटल्यांची पांढरी बुचं. बल्ब म्हणजे जीन. दांडा ओढला की मणी वाढतात, बुचं बसतात, बल्ब विझतो. पहिल्याच फटक्यात जमलं.
पुष्पा: कौल. म्हटलं, एकच गोष्ट दोनशेदा सांगितली की ऐकणाऱ्याचा जीन बंद होतो, हे शास्त्र आहे. म्हणाली, तुमच्या कानात बूच लग्नाआधीच बसलंय.

११ डिसेंबर
खोडाळ्याच्या बाजारात बॅटरीवर ट्रायल. बल्ब विझला. आमच्या पाड्यावरचा मंगळू ओरडला, दादा, इथंपण लाइट घालवली काय? सगळे हसले. विझणं हाच मुद्दा आहे, हे सांगेपर्यंत माणसं सुकटीच्या दुकानाकडे.
घरी येऊन विचार केला. बंद दिवा बघायला जव्हारला कोण येईल? तो आमच्या पाड्यावर फुकट दिसतो.

१२ डिसेंबर
सुधारणा. वायर डायरेक्ट. साठचा बल्ब. आता दांडा कितीही ओढा, चालूच. मॅडमना बोललो नाही. सरप्राइज.

१६ डिसेंबर, जव्हार
परीक्षकांनी दांडा ओढला. मणी वाढले, बुचं बसली, बल्ब ढणढणीत.
मॅडम हळूच: काका, हा विझायला हवा ना? मी मोठ्यानं: मॅडम, माझं काम बंद पडत नाही. परीक्षकांनी विचारलं, मग मिथाइल करतं काय? म्हटलं, शोभा.
पहिला नंबर पवनचक्कीला. पुठ्ठ्याची.
परतीच्या एसटीत मॅडम पुढच्या सीटवर. पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. घाट आवडला असावा.

१९ डिसेंबर
पुष्पानं न विचारता मॉडेल पडवीत डालग्यावर टांगलंय. पिल्लं उबेला बसतात. एवढ्या थंडीत एकही दगावलं नाही. शेजारची ठकीवहिनी दोनदा येऊन बघून गेली. भाऊजी, तुमचा पिल्लांचा दिवा मला द्या, म्हणाली. पिल्लांचा दिवा! हसलो नुसता.

२१ डिसेंबर, पहाटे
अवकाळी पाऊस. सरकलेल्या कौलातून धार नेमकी तापल्या बल्बवर. फट्. विझला. कामट्या सुटल्या, बुचं पडवीभर.
पुष्पा पिल्लं पदरात घेऊन चुलीपाशी बसली.
शांतपणे विचार केला. पुष्पाचं ‘कौल’ दोनशेदा सांगून झालं, बंद पडलं. म्हणजे मॉडेल अखेर शास्त्राप्रमाणे चाललं. मॅडमना कळवायला हवं.
ठकीवहिनीनं कालच देऊ केलं होतं: रोख सातशे आणि वर गावठी कोंबडा. संशोधन विकायला नसतं, म्हणालो. सातशे.