एका झाडाला किती माळा

प्रिय अर्गिरो,

बाबांचं पत्र आलं म्हणजे कुणी गेलं की काय, असं वाटून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. तुझ्या पदवीची बातमी घेऊन आई चर्चपासून बंदरापर्यंत हिंडून आली. थोदोरीसच्या कॉफीच्या दुकानात आता कुणी मला, "लाम्ब्रोस, पोरगी मेलेल्यांची भाषा शिकतेय, नोकरी काय स्मशानात लागणार?" असं विचारत नाही. सहा वर्षं विचारत होते. आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचो.

तुला फार्मसीला घालायचं माझ्या डोक्यात होतं. तू जुनी ग्रीक आणि लॅटिन घेतलीस, तेव्हा मी भरल्या ताटावरून उठलो आणि त्या विद्यापीठाची पायरी चढणार नाही म्हणालो. तूही माझीच मुलगी, नंतर कधी बोलावलंच नाहीस. मैत्रिणींना तू 'बाबा शेतमालाच्या धंद्यात आहेत' असं सांगतेस, हे तुझ्या चुलतबहिणीकडून कळलं. ते आत सलत राहिलं. पोरीला आपली लाज वाटते, असं धरूनच बसलो होतो.

यंदा रानअंजिरं वेळेवर तयार झाली. त्यांच्या माळा मंगळवारी पहाटे आपल्या झाडांना टांगायच्या होत्या, आणि तुझी प्रबंधाची तोंडी परीक्षाही नेमकी त्याच दिवशी असल्याचं आईकडून कळलं होतं. ऊन चढलं की रानअंजिरांतली चिलटं आपल्या फळांत शिरायच्या आधीच उडून जातात आणि मग आपली अंजिरं न धरता गळतात, हे तुला काय सांगायचं! आठवतं, नऊ वर्षांची असताना तू उत्साहाच्या भरात सगळ्या माळा एकाच झाडाला टांगल्या होत्यास? ऑगस्टमध्ये त्या झाडाचं फळ न् फळ तडकलं. अख्ख्या गावासमोर मी तुला फैलावर घेतलं. तू रडली नाहीस. तडकलेलं एक अंजीर हातात घेऊन नुसती बघत बसलीस.

मंगळवारी संध्याकाळी तू फोनवर आईला रडत म्हणालीस, "माळांच्या दिवशी बाबा कसले हलताहेत!" आईनं फोन माझ्या हातात दिला. मी खोकलो आणि बागेत निघून गेलो. त्या दिवशी माळा थोदोरीसनं टांगल्या होत्या, अगं. निम्म्या झाडांना उन्हं वर आल्यावर टांगल्यान्. खालच्या बांधावरची अंजिरं यंदा गळणार. गळू देत.

आईला मी ट्रॅक्टरचा पार्ट आणायला जातो म्हणून सांगितलं आणि पहिल्या बसनं अथेन्स गाठलं. तुझ्या परीक्षेच्या सभागृहात शेवटच्या बाकावर, एका जाड्या गृहस्थाच्या आड बसलो. तुझं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं. मग त्या चष्मेवाल्या प्राध्यापकांनी तुला अडवलं. तू अभ्यासलेल्या त्या जुन्या पोथीत शेतकरी काही माळा झाडावरून काढून टाकतात असं लिहिलंय. माळा फळासाठीच ना, मग काढतील कशाला? नक्कल करणाऱ्याची चूक असणार, म्हणाले. उत्तर मला ठाऊक होतं, हात वर करावा की काय असं वाटलं. तेवढ्यात तू म्हणालीस, "नाही सर, चूक नाही. माळा जास्त झाल्या तर फळ तडकतं. लहानपणी मी माझ्या बाबांचं एक झाड असंच वाया घालवलंय. लाम्ब्रोस त्यांचं नाव, किमी नावाच्या गावात अंजिरं पिकवतात. ही ओळ मी आधी त्यांच्याकडून शिकले, शिव्यांसकट." सगळे हसले. चष्मेवालेही हसले आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

टाळ्या सुरू झाल्या तसा मी बाहेर पडलो. त्या शिकल्यासवरल्या माणसांसमोर माझं नाव घेतलंस, पोरी. इतका अभिमान मला माझ्या बागेचाही कधी वाटला नाही. जी पायरी चढणार नाही म्हणालो होतो, तिच्यावरच बसून ढसाढसा रडलो. शिपायानं पाणी आणून दिलं. अशा तोंडानं तुझ्यासमोर यायचं धाडस झालं नाही, म्हणून तसाच बसस्टँडवर गेलो. फोनवर हे मला सांगता येणार नाही, पुन्हा खोकला येईल. पण बाबा आले नाहीत, असं तू जन्मभर समजू नयेस. मी आलो होतो, बाळा.

तुझाच, शिव्यांसकट,
बाबा